ओव्हन गरम आहे

मॅडमना अर्धांगाचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षभरात घरातून एकेक वस्तू बाहेर पडत गेली होती. पहिली गेली ती गाडी. छोटी, पांढरी, टपावर लाल अक्षरांची पाटी असलेली आणि शेजारच्या सीटच्या पायाशीही एक जादा ब्रेक बसवलेली. त्या ब्रेकवर पाय ठेवून मॅडमनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. त्यांना नावाने हाक मारणारं माणूस आता फारसं उरलं नव्हतं. बाजारात, बँकेत, दवाखान्यात, जिथे जातील तिथे त्या मॅडमच. गाडी विकायला त्यांनी स्वतःच होकार दिला होता. डावा हात कोपरापासून खाली बधिर, डावा पाय ओढत टाकायचा, अशा बाईने दुसऱ्याच्या पोरांचे जीव रस्त्यावर नेऊ नयेत, हे त्यांना कोणी समजावायची गरज पडली नाही.

पण गाडीपाशी ते थांबलं नाही. काचेची ताटं गेली, कारण ती फुटतात. उंच स्टूल गेलं, कारण त्यावरून माणूस पडतं. कात्र्या आणि सुऱ्या वरच्या कपाटात गेल्या. एकदा चहा करताना मॅडमच्या हातून पातेलं निसटलं, उकळतं पाणी फरशीभर झालं, पायावर मात्र एक थेंबही पडला नाही. तरी दुसऱ्या दिवशी गॅसच्या शेगडीची बटणं काढलेली दिसली. सकाळी ती धाकटीच्या पर्समध्ये असत आणि संध्याकाळी परत शेगडीवर.

धाकटी म्हणजे मॅडमची सख्खी बहीण. मोठ्या हॉस्पिटलात ती एका वॉर्डची मुख्य नर्स होती. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणत आणि इथे ती खरोखरची सिस्टर, त्यामुळे दोन्हीकडचा अधिकार ती एकत्रच गाजवायची. मॅडम हॉस्पिटलातून घरी आल्या त्याच दिवशी स्वतःच्या खोलीला कुलूप घालून, दोन बॅगा घेऊन ती इथे राहायला आली. बहिणीला आंघोळ घालणं, हाताचे व्यायाम, पायाला मालिश, गोळ्या, सगळं ती हसतमुखाने करायची आणि मग ड्यूटीवर जाऊन आणखी तीस जणांचं करायची. तिच्या मायेत काही खोट नव्हती. असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

मॅडमच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे आख्खी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची. स्वभावाने अगदी गरीब. 'हे स्पष्ट दिसतंय की ते?' असं गिऱ्हाइकांना दिवसभर विचारणारे हे गृहस्थ घरी आल्यावर आपल्याला काय दिसतंय ते कधी बोलून दाखवत नसत. धाकटीने सूत्रं हातात घेतली तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेव्हापासून ते तसेच सुटलेले होते.

आणि मग होतं ते भोपळ्याचं सूप. सुरुवातीला मॅडमना गिळायला त्रास व्हायचा, म्हणून डॉक्टरांनी मऊ, पातळ द्या सांगितलं होतं. त्रास केव्हाच गेला, सूप राहिलं. पचायला हलकं, मीठ कमी, रंगाने छान, असं धाकटी रोज वाढताना म्हणायची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कायम एखादा लाल भोपळा बसलेला असायचा, आणि मॅडमना वाटायचं की तोही आपल्याकडे बघून कंटाळलाय.

असंच सूप चालू असताना एका रात्री जेवणाच्या टेबलावर धाकटी सहज म्हणाली, की ओव्हन तिने वॉर्डातल्या एका मैत्रिणीला देऊन टाकलाय. मैत्रिणीच्या सुनेला केक-बिक करायची हौस आहे. उद्या दुपारनंतर टेम्पो येईल. ओट्यावरची ती जागा मोकळी झाली की तिथे औषधांचे डबे आणि व्यायामाचं सामान नीट लावता येईल. उद्या दूध जास्त घ्यायचंय हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात तिने हे सांगितलं.

मॅडमनी चमचा खाली ठेवला.

"मला विचारलं नाहीस."

"अगं ताई, तू वापरतेस कुठे?"

"वापरू देतेस कुठे?"

धाकटी हसली. उठता उठता तिने मॅडमच्या खांद्यावर हलकेच थोपटलं, वॉर्डातली म्हातारी औषध घ्यायला कुरकुर करते तेव्हा थोपटतात तसं. मॅडमनी नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाले सुपात बघत होते. त्या सुपात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तो ओव्हन मॅडमचा होता. म्हणजे घर दोघांचं, बाकी सामान दोघांचं, पण ओव्हन त्यांचा एकटीचा. मोठा, ओट्यावर ठेवायचा, काचेचं दार असलेला. शनिवारी त्यात मफिन व्हायचे. भोपळा, दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ. लायसन्सच्या परीक्षेला गेलेले विद्यार्थी सोमवारी वर्गावर यायचे तेव्हा डबा तयार असायचा. पास झालेल्याला एक, नापास झालेल्याला दोन. ह्या हिशोबावरून लोक त्यांची थट्टा करायचे, पण तो त्यांनी कधी बदलला नाही. ज्याला पुन्हा स्टिअरिंग धरायचंय त्याच्या पोटात जास्त असलेलं बरं, असं त्या म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. त्या दिवशी धाकटी सकाळच्या पाळीला होती, ती दुपार कलल्यावर येणार होती. चष्मेवाल्यांनी बायकोला पलंगावर नीट झोपवलं, पांघरूण घातलं, फोन उशाशी ठेवला, दोनदा विचारलं आणि दुकान उघडायला गेले. दाराचं कुलूप लागल्याचा आवाज आला. जिन्यातली पावलं संपेपर्यंत मॅडम छताकडे बघत पडून राहिल्या. मग त्यांनी पांघरूण लाथाडलं. उजव्या पायाने, कारण लाथ मारता येईल असा तोच होता.

चार पायांची काठी टेकत त्या स्वयंपाकघरात आल्या आणि काठी त्यांनी फ्रीजला टेकवून ठेवली. काठी हातात असली की हात संपला, हे त्यांना ठाऊक होतं. आता ओट्याला कंबर टेकवून, खेकड्यासारखं आडवं सरकत काम करायचं होतं. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. तोल गेला तर धरायला उजवा हातच होता, आणि त्याच हाताने कामही करायचं होतं. मग मनात म्हणाल्या, पलंगावरून पडूनही माणसं मरतात.

सुऱ्या वरच्या कपाटात. पण पाव कापायची एक जुनी सुरी खालच्या खणात मागे पडून राहिली होती, ती धाकटीच्या नजरेतून सुटली होती. मॅडमनी भोपळा ओला फडका खाली घालून ओट्यावर बसवला आणि सुरी खुपसली. सुरी आत गेली. पुढे जाईना, मागे येईना. भोपळ्याला धरायला दुसरा हात नव्हता, त्यामुळे सुरी ओढली की भोपळाही सोबत यायचा. त्यांनी डाव्या कोपराने त्याला भिंतीशी दाबून बघितलं. तो निसटून सिंकमध्ये गेला, सुरीसकट. दिवसभर नवख्या माणसांना क्लच सोडताना बघून ज्या बाईच्या कपाळावर कधी आठी पडली नव्हती, तिने त्या भोपळ्याला अशी एक शिवी दिली की ती इथे लिहिता येणार नाही.

शिवी दिल्यावर डोकं चाललं. कापायचा कशाला? आख्खाच भाजू. मऊ झाला की चमच्यानेही कापता येईल. त्यांनी सुरी सिंकच्या कडेला अडकवून, भोपळा फिरवत फिरवत कशीबशी सोडवून घेतली, काट्याने भोपळ्याला चहूबाजूंनी भोकं पाडली, आत वाफ कोंडून तो फुटू नये म्हणून, आणि त्याला छातीशी धरून ओव्हनमध्ये सरकवला. ओव्हनला काढून नेण्यासारखी बटणं नव्हती. त्यांनी खटका फिरवला आणि आत लाल दिवा लागला. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदाच घरातलं काहीतरी चालू केलं होतं.

भोपळा भाजेपर्यंत बाकीची तयारी. पिठाचं भांडं ओट्यावर घसरायला लागलं, तेव्हा त्यांनी खालचा खण अर्धा उघडला, भांडं त्यात बसवलं आणि खण कमरेने दाबून धरला. भांडं गपचूप उभं राहिलं. डब्यांची झाकणं मांड्यांत धरून उघडली. मैदा थोडा भांड्यात, थोडा गाऊनवर पडला. दालचिनीची आणि सुंठेची पूड जुन्या बाटल्यांत होती, वास घेऊन बघितली तर अजून जीव होता तिच्यात. लवंगा त्यांनी लाटण्याखाली चिरडल्या, काही चिरडल्या गेल्या, काही उडून गॅसमागे गेल्या. जायफळासाठी किसणीही खणातच अडकवली आणि जायफळ तिच्यावर घासत सुटल्या. किती झालं ते खणात वाकून दिसेना, मग दिसेना तर दिसेना म्हणून आणखी दोन फेऱ्या मारल्या. अंडी एका हाताने फोडायचं कसब त्यांना कधीच नव्हतं. पहिलं अंडं भांड्याच्या कडेवर फुटलं ते निम्मं बाहेर गेलं. दुसऱ्याची टरफलं आत गेली. तिसरं बरोबर फुटलं, आणि त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. घरात कोणीच नव्हतं.

भोपळा सुरकुतला, सालीवर खपली धरली, त्याच्या भोकांतून गोडसर रस उकळून बाहेर आला. निवल्यावर तो चमच्याखाली लोण्यासारखा दबला. त्यातला गर काढून, तेल, साखर, अंडी, सगळं एका लाकडी चमच्याने ढवळता ढवळता त्यांचा उजवा खांदा भरून आला. त्या थांबल्या, दम घेतला, परत ढवळलं. कागदी वाट्या ट्रेमध्ये लावताना त्या एकमेकींना चिकटून दोन-दोन यायच्या. त्यांनी जीभ लावून वेगळ्या केल्या. डॉक्टर, नर्स आणि चष्मेवाले ह्यांच्यापैकी कोणीही ह्या पद्धतीला मान्यता दिली नसती.

ट्रे आत गेला आणि जरा वेळाने घरभर वास सुटला. दालचिनी आधी, मग लवंग, मग सगळ्याच्या खालून भोपळ्याचा जड, भाजका गोडवा. मॅडम ओट्याला टेकून उभ्या होत्या. घराला वर्षभर फिनेलचा आणि मलमाचा वास येत होता. तो आता बाहेर निघाला होता.

तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडायला त्यांना वेळ लागला. किल्ली आतल्या खिळ्यावर होती, तिथवर जाऊन, कुलूप फिरवून दार उघडेपर्यंत बेल आणखी दोनदा वाजली. दारात एक धिप्पाड माणूस उभा होता, हातात जाड दोरी, खांद्यावर जुनी गोधडी. त्याने मॅडमना बघितलं आणि दोरीचा हात आपोआप पाठीमागे नेला.

"मॅडम? हे तुमचं घर आहे?"

मॅडमनी त्याला ओळखलं. रिव्हर्स घेताना हा कायम चुकीच्या बाजूला चाक वळवायचा. परीक्षेत तीनदा नापास झाला होता. चौथ्यांदा पास झाला तेव्हा गाडीतच रडला होता. आता टेम्पो चालवतो म्हणजे रिव्हर्स जमत असावा.

त्याने चाचरत सांगितलं, की नर्सबाईंनी ओव्हन न्यायला पाठवलंय, पत्ता दिला होता, पण घर मॅडमचं असेल हे ठाऊक नव्हतं.

"ने की," मॅडम म्हणाल्या. "पण ओव्हन गरम आहे."

"गार कधी होईल?"

"आत मफिन आहेत. ते झाले की काढीन. मग दुसरा घाणा लावायचाय."

"आणि मग?"

"मग तिसरा."

टेम्पोवाल्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. फरशीवर मैदा, सिंकमध्ये सुरी, ओट्यावर भोपळ्याची सालं, खणात पिठाचं भांडं आणि त्या सगळ्याच्या मध्ये गाऊनभर पीठ माखलेल्या मॅडम. त्याला काय समजायचं ते समजलं. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने ट्रे काढायची वेळ झाली तेव्हा तो उठून पुढे आला, मी काढतो म्हणाला.

"बस," मॅडम म्हणाल्या. "हात मांडीवर ठेव आणि बस."

तो बसला. हात मांडीवर ठेवून.

ट्रे जड होता. उजव्या हाताने कड धरायची आणि खालून आधार द्यायला डावा हात, त्याच्यावर टॉवेलची घडी. डावा हात उचलला जायचा, फक्त काही कळायचं नाही त्याला. मॅडमनी श्वास रोखून ट्रे बाहेर ओढला. टॉवेल जरासा सरकला, दाराच्या कडेला हात टेकला, पण ट्रे न हिंदकळता ओट्यावर उतरला. मफिन काही देखणे नव्हते. काही फुगून शेजाऱ्यावर कलंडले होते, काही मध्ये खचले होते, एकाच्या डोक्यावर अंड्याचं टरफल तुऱ्यासारखं उभं होतं. मॅडमनी एक मफिन उचलून टेम्पोवाल्याला दिला. जरा थांबून दुसरा दिला.

"मी पास झालो होतो, मॅडम," तो म्हणाला.

"चौथ्यांदा."

तो तोंड भरून खात असतानाच जिन्यात ओळखीची, भरभर चढणारी पावलं वाजली. धाकटीने खाली टेम्पो उभा पाहिला होता, जिन्यात वास आला होता, आणि घराचं दार सताड उघडं होतं. ती पर्स खांद्यावरून न काढताच आत आली. आधी तिने मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं, नर्स पाहते तसं. मग फरशी, ओटा, ओव्हन. मग टेम्पोवाला, जो आता उभं राहावं की बसावं ह्या विचारात खुर्चीवरच अर्धवट लटकला होता.

तिने सुरुवात केली तेव्हा आवाज खाली होता. ताईने तिला शब्द दिला होता, एकटी असताना उठणार नाही म्हणून. ताई पडली असती तर कोणाला कळलं असतं? आग लागली असती तर? मफिनच हवे होते तर सांगायचं, तिने बेकरीतून आणून दिले असते. घरभर पसारा करून काय मिळवलं? मॅडम दुसऱ्या घाण्याच्या कागदी वाट्या लावत होत्या. बोलता बोलता धाकटी पुढे आली आणि एकदम गप्प झाली.

मॅडमच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, लालभडक पट्टा उमटला होता. मध्यभागी कातडी पांढरी पडून फुगायला लागली होती.

धाकटीने त्यांचा हात धरला, नळाखाली नेला आणि पाणी सोडलं. बराच वेळ दोघी बहिणी नळापाशी उभ्या राहिल्या. धाकटीचा हात जराही हलत नव्हता. आवाज मात्र निघाला तो तिचा वाटेना.

"तुला कळलंसुद्धा नाही, ताई."

"नाही कळलं."

"हेच सांगतेय ना मी. वर्षभर हेच सांगतेय."

मॅडमनी त्या लाल पट्ट्याकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाच्या हाताकडे बघावं तसं त्यांना वाटलं. धाकटीचं म्हणणं खरं होतं आणि त्याचा पुरावा नळाखाली होता. गप्प बसायला हीच वेळ होती. वर्षभर त्या अशाच वेळी गप्प बसत आल्या होत्या.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "भाजला. पुन्हाही भाजेल कदाचित. पण ओव्हन जाणार नाही."

"ताई, हात बघ तुझा."

"बघितला. माझा आहे तो. गाडी दिली मी, का? तिच्यात दुसऱ्यांचे जीव होते. इथे माझाच आहे. त्याचं काय करायचं ते मला विचारायचं."

"तू मला सांगू नकोस," धाकटी म्हणाली आणि नळ बंद करायचं विसरून तशीच उभी राहिली. "तुला स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. तुझं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. तू मला ओळखलं नाहीस. ते मी बघितलंय. तू नाही."

एवढ्या दिवसांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं. टेम्पोवाला हातातल्या मफिनचा कागद बारीक बारीक घड्या घालत दुमडत होता. पाणी वाहत राहिलं. शेवटी मॅडमनीच उजव्या हाताने नळ बंद केला.

"तू बघितलंस, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण त्या स्ट्रेचरवरून मला आता खाली उतरू दे. तू उतरू देत नाहीयेस."

धाकटीने मान फिरवली. खोलीत जाऊन ती औषधांची पेटी घेऊन आली, जखम पुसली, मलम लावलं आणि अशी सफाईदार पट्टी बांधली की वॉर्डातल्या शिकाऊ मुलींना दाखवावी. पट्टी झाली आणि मॅडम परत ओट्याशी गेल्या. भरलेला ट्रे उचलायला लागल्या, तेव्हा धाकटीचा हात पुढे आला.

"हात लावू नकोस," मॅडम म्हणाल्या.

हात थांबला. मॅडमनी ह्या वेळी ट्रे उचललाच नाही. पोळपाट तिरका टेकवून, त्यावरून तो ढकलत ढकलत ओव्हनच्या तोंडाशी नेला आणि आत सारला. डावा हात त्यांनी पाठीमागे ठेवला होता. दार लागलं. धाकटी ते सगळं बघत होती आणि तिचे दोन्ही हात मुठी वळून गणवेशाच्या खिशात होते.

टेम्पोवाल्याने घसा साफ केला आणि विचारलं, की मग न्यायचाय की नाही, खाली गाडी दुसऱ्यांच्या दारासमोर लावलीय. तो विचारत होता धाकटीला, उत्तर दिलं मॅडमनी. नाही म्हणाल्या. तो तरी धाकटीकडे बघत राहिला. धाकटीने फक्त दाराकडे बोट केलं. तो दोरी आणि गोधडी घेऊन निघाला, मॅडमनी त्याच्या खिशात घरच्यांसाठी आणखी मफिन कोंबले. जिन्यातून त्याच्या उतरण्याचा आवाज आला, मग खालून टेम्पो मागे घेतल्याचा. मॅडमनी कान देऊन ऐकलं. कुठे काही आदळलं नाही.

संध्याकाळी चष्मेवाले घरी आले. फरशी पुसलेली होती, टेबलावर मफिन होते, बायकोच्या हाताला पट्टी होती आणि मेहुणी आतल्या खोलीत दार लावून बसली होती. काय घडलं ते त्यांनी मॅडमकडून ऐकून घेतलं. एक मफिन खाल्ला. मग खाकरून, जणू मोठा निर्णय जाहीर करतोय अशा आवाजात ते म्हणाले, की आपल्या मते ओव्हन राहू द्यावा.

"तो राहिलाच आहे," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्ही काल सुपात बघत होतात तेव्हा बोलायचं होतं."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

धाकटीने त्या रात्री मफिनला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वॉर्डातली ती मैत्रीण फुगून बसली होती, सुनेला शब्द दिला होता म्हणे, तिची समजूत काढण्याचं काम धाकटीच्याच गळ्यात पडलं. घरात ती बोलायची ते फक्त औषधांपुरतं. गोळी घेतलीस का, हात वर कर, दुखतंय का. मॅडमही तेवढंच उत्तर द्यायच्या. दोघींपैकी कोणीच माफी मागितली नाही. जखम भरायला वेळ लागणार होता आणि तिथे एक गुळगुळीत, गुलाबी डाग राहणार होता. रोज पट्टी बदलताना धाकटी जखमेकडे बघायची आणि मॅडम मुद्दाम तिच्याकडे.

मग एका सकाळी ड्यूटीला निघता निघता धाकटीने उभ्या उभ्या डब्यातला उरलेला, जरा सुकलेला मफिन उचलला आणि खाल्ला.

"जायफळ जास्त झालंय," ती म्हणाली.

"मला तसंच आवडतं."

"आई पण इतकं घालायची नाही."

"आईला ओव्हन नव्हता."

धाकटीने पर्सची चेन उघडली आणि गॅसची बटणं काढून टेबलावर ठेवली. सगळी नाही. एक तिने तरीही ठेवून घेतलं, मोठ्या बर्नरचं. मॅडमनी हात पुढे केला. धाकटीने तेही दिलं आणि ती मागे न बघता जिना उतरली.

नंतर अटी आल्या, कारण धाकटी ती धाकटीच. ओव्हन चालू असताना घरात कोणीतरी हवं. मॅडमनी ही अट मान्य केली, पण घरात म्हणजे घरात, स्वयंपाकघरात नाही. त्यावर दोन दिवस वाद झाला. कोपरापर्यंतचे हातमोजे घालायचे. हे मॅडमनी लगेच मान्य केलं, ते त्या स्वतःच मागवणार होत्या. सूप बंद. ही अट मॅडमची होती आणि तिच्यावर वाद झाला नाही.

पुढच्या शनिवारी धाकटीची सुट्टी होती. मॅडमनी भोपळा आत घातला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेरच्या खोलीत धाकटी मासिक उघडून बसली. तिने एकही पान उलटलं नाही. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला तशी ती ताडकन उठली आणि परत बसली. हाक मारून विचारलं, ताई, काय पडलं? उत्तर आलं नाही. आतून लाकडी चमचा भांड्यावर वाजत होता, नेहमीच्या लयीत, मध्ये थांबत, परत सुरू होत. वास सुटला. धाकटीने परत विचारलं, ताई, झालं का? परत उत्तर आलं नाही. मॅडमना ऐकू येत होतं. त्या देत नव्हत्या.

ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग ट्रे ओट्यावर टेकल्याचा, दार लागल्याचा, खटका फिरल्याचा.

"आता ये," मॅडम आतून म्हणाल्या.